दादांची मुळापासून सफाई

गेम अडकला की पोरं दादांना हाक मारायची, आणि ती अशी की जणू घराला आग लागलीय. शाळा सुटली की नेटच्या दुकानात झुंबड उडायची. भिंतीला लागून मशीनची रांग, मधे प्लायवुडचे आडोसे, आडोशांवर कर्कटकाने कोरलेली राक्षसांची चित्रं, अक्षरं झिजून गुळगुळीत झालेले की-बोर्ड. त्यातल्याच एखाद्या आडोशातून आरोळी यायची, "दादाऽ, गाडी पळेना!" नाहीतर, "दादाऽ, सगळं पांढरं झालं!"

मग दादा काउंटरमागून उठायचे. घाई नाही. बाह्या सारायचे, खुर्चीतल्या पोराला नुसत्या नजरेने बाजूला करायचे आणि तीन बोटं एकदम की-बोर्डवर आपटायचे. समोर काय काय पुसायचं ते विचारणारी चौकट यायची. कुणी एका खुणेवर भागवतात. दादा वरपासून खालपर्यंत सगळ्या खुणा करायचे. कधीपासूनचं पुसू, असं ब्राउझरने विचारलं की 'सुरुवातीपासूनचं सगळं'. आणि दाब बटण.

"अर्धा झाडू मारणारी जात नाही आपली," ते म्हणायचे. "कचरा काढायचा तर मुळापासून. तो पलीकडच्या चौकातला रिपेअरवाला काय करतो? मशीन खोलतो, पंख्यावर फुंकर मारतो आणि उद्या या म्हणतो. शिकलेला आहे ना!"

आणि गेम चालायचा. खोटं कशाला बोला, दहातल्या नऊ वेळा चालायचा. पोरं आपापला पासवर्ड टाकायची आणि ज्याची त्याची गाडी, ज्याची त्याची तलवार जशीच्या तशी परत हजर. दादांच्या सफाईने कुणाचं काही गेलं, असं कधी झालं नाही. का झालं नाही, हा विचार करायची वेळ मात्र दादांवर कधी आली नव्हती.

तशी विचार करायला त्यांना आयुष्यात सवडच कमी मिळाली. वडील गेले तेव्हा दादांची शाळा अर्ध्यात सुटली. पाठीवर दोन भावंडं, मधली आणि धाकटा. आई आधीच नव्हती. दादांनी छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलले, मग छापखाना बंद पडला तेव्हा तिथल्याच मालकाचा गाळा घेऊन हे दुकान थाटलं. मधलीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. धाकट्याला इंजिनियर केलं. या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल कुणी हळहळलं की दादांना राग यायचा.

"राहिलं म्हणजे काय? गाडी चुकली का माझी? दोन संसार उभे केलेत या हातांनी. दाखव मला असा एक माणूस या रस्त्यावर."

हे वाक्य ते टेलरमास्तरांना ऐकवायचे. टेलरमास्तर म्हणजे शेजारच्या गाळ्यातले, मान कायम शिलाईत. ते टाके घालता घालता म्हणायचे, "दाखवला असता, पण त्यासाठी तुमच्यापुढे आरसा धरावा लागेल."

या बढाईनेच घात केला. धाकट्याला ऑफिसात वरची जागा मिळाली, तेव्हा त्याने आपल्या नव्या घरी दूरच्या शहरात सगळ्यांना जेवायला बोलावलं. त्याचे साहेब होते, बायकोचे आईवडील होते. दादा टेलरमास्तरांकडून नवा शर्ट शिवून घेऊन गेले. जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "दादा, तुम्ही दोन शब्द बोला." दोन शब्दांवर थांबणारे ते दादा कसले. धाकटा किती मोठा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा, तिथून त्यांनी सुरुवात केली. लोक हसले. धाकटाही हसला. दादांना चेव चढला. मग हा परीक्षेत नापास होऊन गच्चीवरच्या टाकीमागे कसा रडत बसला, आणि त्याला परत घ्या म्हणून दादांनी मुख्याध्यापकांचे पाय कसे धरले, तेही झालं.

"आज साहेब, तुमच्या ऑफिसात याला साहेब म्हणतात," दादा म्हणाले, "पण हा मूळचा पक्का रिकामटेकडा! घडवला तो या दोन हातांनी."

तोवर धाकट्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. तो दादांना जिन्यापर्यंत सोडायला आला आणि खालच्या पायरीकडे बघत म्हणाला, "दादा, माझं थोडं तरी माझं राहू दे ना रे."

"खोटं बोललो का काही?" दादा म्हणाले.

त्यानंतर धाकट्याने दादांचा फोन उचलला नाही. पुढे तर दादांचा नंबरच त्याच्याकडे लागेनासा झाला. मधली दोघांच्यात जा-ये करायची, समजावायची, थकायची. दादा म्हणायचे, "येईल. थोरला मी आहे. आधी फोन त्याने करायचा." आणि धाकटा म्हणायचा, "मला काही बोलायचं नाहीये, ताई." एवढ्यावर सगळं अडकून पडलं.

आता गेमचं. काउंटरवरच्या मशीनवर दादा एकच गेम खेळायचे, किल्ल्यांचा. ब्राउझरमध्येच उघडायचा तो. समोर नकाशा, दोन्ही बाजूंना किल्ले, मधे नदी. एकाने चाल करायची, मग दुसऱ्याने, सवडीने. एक डाव आठवडेच्या आठवडे चालायचा. धाकटा शाळेत होता तेव्हा तो आणि दादा याच दुकानात दोन मशीनवर बसून हा गेम खेळायचे. पुढे एकट्याने खेळायला लागल्यावर दादांनी तिथे नाव घेतलं होतं, सेनापती. खातं वगैरे उघडलं नव्हतं. गेम खालच्या ओळीत रोज सांगायचा, 'आपण पाहुणे आहात, खातं उघडा,' आणि दादा रोज तिकडे काणाडोळा करायचे.

आपल्या भाषेची तिथे वेगळी खोली होती. मोजकीच टाळकी असायची. भांडणानंतरच्या एका दुपारी दादा त्या खोलीत गेले आणि समोर जोडीदार आला. नाव, रिकामटेकडा.

दादांचा हात माऊसवर तसाच राहिला.

समोरच्याने पहिल्याच चालीत नदीकाठचा किल्ला रिकामा सोडला आणि सैन्य डोंगरामागून वळवलं. जगात असा उलटा खेळणारा एकच, धाकटा. बाकीचे सगळे नदीला चिकटून बसतात.

दादांनी काही विचारलं नाही. विचारायची सोयही नव्हती, त्या गेममध्ये लिहून बोलता यायचं नाही. तयार चेहरे होते, तेवढे पाठवायचे. हसरा, झोपाळू, जीभ दाखवणारा. दादांनी चाल केली. दुसऱ्या दिवशी उत्तराची चाल आली. डाव संपला की पडद्यावर 'पुन्हा?' असं यायचं आणि दोघंही 'हो' म्हणायचे.

असं सुरू झालं आणि चालू राहिलं. दादा सकाळी शटर वर केलं की आधी झाडू नाही, दिवा नाही, काउंटरचं मशीन. चाल आलेली असली की मग दुकान उघडायचं. एकदा तापाने दादा अंथरुणाला खिळले, बरे होऊन आले तर धाकट्याने झोपाळू चेहरा पाठवला होता. एक नव्हे, रोजचा एक, ओळीने. दादा त्या चेहऱ्यांकडे बघत बसले आणि बाहेर झेरॉक्सला आलेलं गिऱ्हाईक खोकून खोकून निघून गेलं.

सेनापती म्हणजे मी, हे त्याला माहीत असेल का, हा प्रश्न दादा स्वतःला विचारत नव्हते. माहीत असेल तर त्याला माफी मागायला सुचायला हवं होतं. माहीत नसेल तर आपण सांगितल्यावर तो उठून जाईल. त्यापेक्षा हेच बरं. तो रिकामटेकडा, आपण सेनापती. खातं उघडायचं म्हणजे खरं नाव द्यायला लागणार, ते पलीकडे दिसलं तर? दादा पाहुणेच राहिले. मधलीलाही त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

मग तो दिवस आला. गेमवाल्यांनी काहीतरी नवं केलं होतं. वरच्या पट्टीवर 'तुमची पाळी' असं लुकलुकत होतं, म्हणजे धाकट्याची चाल आली होती. पण खाली नकाशाच नव्हता. पांढराफटक पडदा आणि मधे गोल गोल फिरणारं चक्र. दादांनी रिफ्रेश केलं. पुन्हा केलं. मशीन बंद करून चालू केलं. चक्र आपलं फिरतंच आहे.

टेलरमास्तर दादांनी नेलेली आपली कात्री परत मागायला आले होते. काउंटरवरून डोकावून म्हणाले, "काय हो, वैद्यबुवाच आजारी?"

"काही नाही. होईल."

"अख्ख्या गावाच्या मशीनी धुता, आणि स्वतःच्या मशीनीला आंघोळ नाही वाटतं?"

आडोशांमधून पोरांची डोकी वर आली. "दादा, सफाई करा ना! मुळापासून!" एकजण तर उठून काउंटरपाशीच आला. "दादांचंच मशीन अडकलं रे!"

नेमकं हेच दादांना सोसायचं नाही. समोर माणसं बघायला उभी राहिली की दादांच्या अंगात वारं शिरायचं. शिवाय पद्धत हातातली, हजारदा केलेली. दादांनी बाह्या सारल्या.

"बघा रे," ते म्हणाले. "शिकून घ्या. पुढे पोट भराल."

तीन बोटं. चौकट आली. दादांनी वरपासून खालपर्यंत खुणा केल्या. ब्राउझरने विचारलं, कधीपासूनचं? दादांनी पोरांकडे वळून विचारलं, "कधीपासूनचं?" आणि पोरं एका सुरात ओरडली, "सुरुवातीपासूनचं!"

दादांनी बटण दाबलं.

गेम उघडला. काय उघडला म्हणता, लखलखीत. नवे रंग, नवं संगीत, किल्ल्यांवर झेंडे. पोरांनी टाळ्या पिटल्या. टेलरमास्तर म्हणाले, "मानलं बुवा," आणि कात्री घेऊन गेले. दादा हसतच पडद्याकडे वळले. तिथे लिहिलं होतं, 'स्वागत आहे, पाहुणे! आपल्यासाठी नाव निवडा.'

दादांनी नाव टाकलं, सेनापती. 'हे नाव आधीच कुणीतरी घेतलं आहे.'

"अरे, मीच घेतलंय," दादा पडद्याला म्हणाले.

त्यांनी पुन्हा टाकलं. तेच उत्तर. मग त्यांनी डावांची यादी उघडली. डाव कुठे आहे? जोडीदारांची जागा रिकामी. जुने डाव, रिकामे. तो सगळा संसार त्या मशीनच्या ब्राउझरमध्ये होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. पोरांचं सगळं पासवर्डमागे असायचं म्हणून परत यायचं. दादांचं पासवर्डमागे काहीच नव्हतं. गेमच्या हिशेबी सेनापती अजून होता, नदीकाठी सैन्य घेऊन उभा होता, त्याची पाळीही होती. पण दादा आता सेनापती नव्हते. ते कुणीतरी पाहुणे होते.

दादांनी सुचेल ते केलं. गेमवाल्यांना मदतीसाठी लिहिलं. मिनिटाच्या आत यंत्राचं उत्तर आलं: पाहुण्यांची माहिती त्यांच्याच ब्राउझरमध्ये असते, ती पुसल्यास परत देता येत नाही, तसदीबद्दल क्षमस्व. खातं उघडून रिकामटेकडा शोधला. पण तोही पाहुणाच होता, आणि पाहुणे शोधात दिसत नाहीत. शेवटी मान खाली घालून पलीकडच्या चौकातल्या त्या रिपेअरवाल्याकडे गेले, मशीन कडेवर घेऊन, लेकरासारखं. त्याने चहा पाजला, मशीन लावून बराच वेळ खटपट केली. मग म्हणाला, "दादा, नाही निघत. तुम्ही अगदी स्वच्छ केलंय."

राहता राहिली ती आपल्या भाषेची खोली. दादा दुसऱ्या नावाने रोज तिथे जाऊन बसू लागले. जोडीदार यायचे. ते नदीला चिकटून खेळायचे. दादा लगेच हार मानून पुन्हा खोलीत यायचे, पुढचा जोडीदार, पुन्हा हार. मग एका संध्याकाळी त्यांच्या ध्यानात आलं. धाकटा या खोलीत येणारच नाही. त्याचा डाव चालू आहे. तो तिकडे, त्या जुन्या नकाशावर बसून सेनापतीच्या चालीची वाट बघतोय. जोवर वाट बघतोय तोवर इकडे फिरकणार नाही. आणि वाट बघणं सोडलं, तर हा गेमच सोडेल. इथे कितीही बसलं तरी भेट नाही.

दुकानात आरोळी उठली, "दादाऽ, पांढरं झालं!" दादा म्हणाले, "दुसऱ्या मशीनवर बस." पोरं एकमेकांकडे बघू लागली.

सुट्टीच्या दिवशी ते मधलीकडे गेले. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दादा पलंगाच्या कडेला बसले आणि खाली बघत सगळं सांगितलं. आधी ती हसली. "तुम्ही दोघं? गेम? इकडे मी दोघांचे निरोप वाहून वाहून अर्धी झाले, आणि तुम्ही किल्ले खेळताय?" मग तिने दादांचा चेहरा पाहिला आणि हातातला टॉवेल बाजूला ठेवला.

"फोन लावू?"

"लाव."

"तू बोलशील?"

"बोलतो."

"दादा, नीट बोल हं. थोडंच बोल."

तिने फोन लावून आवाज मोठा केला आणि मधे पलंगावर ठेवला.

"बोल गं ताई."

"दादा आलाय. त्याला बोलायचंय."

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता. तो बंद झाला. "बरं."

दादांनी वाटेत वाक्य जुळवलं होतं, पण बोलायला गेल्यावर त्याचे तुकडेच निघाले. "अरे, ते किल्ल्यांचं... तो सेनापती. तो मी होतो."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"सेनापती असं नाव दुसरं कोण घेणार, दादा?"

मधली फिसकन हसली. दादाही हसले. डोळ्यांत पाणी आलं ते तसंच राहू देऊन हसले. "आणि रिकामटेकडा तू!"

"हो."

"मग झालं तर! अरे, मी सोडून गेलो नाही. मशीन साफ करताना सगळं पुसलं गेलं. चुकून. चूक झाली माझी."

असं दादा जन्मात कधी बोलले नव्हते. मधलीने तोंडावर हात ठेवला. पलीकडून आवाज आला तो मऊ होता. "मला वाटलं, मी कोण ते तुला कळलं. आणि म्हणून उठून गेलास."

"छे रे! कळायला काय, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं!" दादांचा जीव भांड्यात पडला आणि त्याबरोबर आवाजही चढला. "तू नदीचा किल्ला सोडलास आणि मी म्हटलं, हा आपलाच! ती डोंगरामागची चाल तुला शिकवली कुणी? मी! दुसऱ्या कुणाला सुचणार आहे ती? माऊस धरायला मी शिकवलं, तुला तर साधं..."

मधली हाताने थांब थांब करत होती. दादांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते फोनकडे वाकून बोलत होते, गच्चीवरच्या टाकीच्या गोष्टीपर्यंत पोचले नाहीत एवढंच. मग पलीकडे काहीच ऐकू येईना तेव्हा थांबले.

"आहेस ना रे?"

"आहे." धाकटा म्हणाला. "दादा, तिथे बरं होतं. तिथे तुला बोलता येत नव्हतं."

दादांनी मधलीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"मग पुन्हा सुरू करू," दादा म्हणाले. "त्या खोलीत ये तू. मी नवं नाव घेतो. एक शब्द बोलणार नाही. चेहरासुद्धा पाठवणार नाही, म्हणशील तर."

"नाही जमणार आता."

"का रे? रागावलास?"

"राग नाहीये. पण आता मी चाल केली की मला ऐकू येईल, ती कुणी शिकवली ते."

"नाही शिकवली! तुझीच आहे ती चाल, जा!"

"असू दे, दादा. तब्येत सांभाळ. ठेवतो."

फोनचा पडदा थोडा वेळ उजळलेला राहिला, मग काळा झाला. मधलीने टॉवेल उचलून घडी घातली, ती वाकडी झाली म्हणून मोडून पुन्हा घातली.

"परत लाव," दादा म्हणाले.

"नको."

"एकदाच. सांगतो त्याला, ती चाल त्याचीच आहे. खरंच त्याचीच आहे गं. मी त्याला नदी धरून खेळायला शिकवलं होतं. तो माझं न ऐकता डोंगरामागून जायचा आणि जिंकायचा. मी उगाच आपलं..."

"मग हे आत्ता का नाही सांगितलंस त्याला?"

 दादांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, ते उचलून कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

"जेवून जा," मधली म्हणाली.

"नको. दुकान उघडायचंय."

आज दुकान बंद असतं हे तिला माहीत होतं, तरी तिने दार उघडून दिलं. दादा जिना उतरू लागले. निम्म्यावर आल्यावर ते तिथेच पायरीवर टेकले. वरून मधलीच्या घरातली कपाटं उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल लावत होतं. वर परत जावं तर सांगायला काही उरलं नव्हतं, आणि खाली उतरावं तर कुणाकडे, हे त्यांना सुचत नव्हतं. जिन्यातून खालच्या मजल्यावरची बाई पिशव्या घेऊन चढत आली. वाट मिळावी म्हणून क्षणभर थांबली, आणि दादा भिंतीकडे सरकले.